भामाबाईंची त्रेचाळीस भांडी

भामाबाई लहानकरांच्या घरात त्रेचाळीस भांडी होती आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस भांड्यांवर नवऱ्याचं नाव होतं. नवरा तेवढा घरात नव्हता. तो नामपल्लीला दुसऱ्या बायकोबरोबर राहत होता. आता यात नवल करण्यासारखं काही नाही. त्या काळात हैदराबादेत अशी घरं पुष्कळ होती आणि त्यांतल्या पहिल्या बायका अशाच मुकाट राहत होत्या. नवल आहे ते पुढचं. नवरा निघून गेल्यावर घेतलेल्या भांड्यांवरही भामाबाईंनी त्याचंच नाव घालून घेतलं होतं, तेही स्वतःच्या घामाच्या पैशातून.

बेगम बाजारात भांडं घेतलं की दुकानाच्या पायरीवर अंबाजी बसलेला असे. छिन्नी आणि एवढीशी हातोडी घेऊन तो विचारी, ‘नाव काय घालू, बाई?’ बाईनं नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून बरोबरच्या कुणीतरी सांगायचं. भामाबाईंच्या बरोबर कुणी नसे. मग त्या पिशवीतून घरचा जुना तांब्या काढून त्याच्यापुढे धरत. ‘ह्याच्यावर आहे तेच.’ अंबाजी तांब्याकडे बघून टिकल्या मारत जाई. हिम्मतराव लहानकर, आणि खाली फसली सन, निजामाच्या राज्यात चालायचं ते.

लग्न होऊन त्या हैदराबादेत आल्या तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. हिम्मतराव नांदेडकडच्या शेतकरी घरातला, पण उर्दू मिडल पास झाला आणि मालगुजारीच्या कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, म्हणून चिकटला. विद्यापीठाच्या बाजूला, विद्यानगरात, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. लग्नात आहेर म्हणून आलेली नऊ भांडी फळीवर मांडली आणि संसार सुरू झाला. दहा वर्षं झाली तरी मूल झालं नाही. सासू दर दिवाळीला गावाहून यायची आणि नऊ भांडी मोजून जायची. मोजायला घरात दुसरं काही नव्हतं, असं ती बोलूनही दाखवायची.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात सगळ्या हिंदुस्थानात झेंडे लागले. हैदराबादेत ज्यानं लावला तो तुरुंगात गेला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रझाकारांची धास्ती इतकी वाढली की ज्याचं त्याचं बिऱ्हाड सरहद्दीपलीकडे निघालं. हिम्मतरावांनी रजा काढली. ‘आईला वऱ्हाडात मामाकडे पोचवतो आणि पंधरा दिवसांत येतो. तू भांडी सांभाळ,’ असं बायकोला सांगून तो गेला. भामाबाईंनी परसातल्या शेवग्याखाली खड्डा खणून नऊही भांडी पुरली आणि वर माती सारवून त्यावर जळण रचलं. सप्टेंबरात फौजा आल्या. त्या पाच दिवसांत गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि ही एकटी बाई दाराला पाटा लावून आत बसून होती. भांडी सांभाळ म्हणाला होता, म्हणून सांभाळली. आपल्याला सांभाळ असं कुणाला सांगून गेला का, हा विचार तिच्या मनात कितीतरी वर्षांनी आला.

सगळं शांत झाल्यावर तिनं भांडी उकरली, चिंचेनं घासली, उन्हात मांडली आणि वाट बघत बसली. हिम्मतराव आले ते पौषात. मागे सुशीला नावाची मुलगी उभी होती, हातावरची मेंदी अजून गेली नव्हती.

‘आईनं ऐकलं नाही,’ हिम्मतराव म्हणाले.

एवढंच. आईला घेऊन गेला, नवी बायको घेऊन आला आणि दोष आईवर टाकून मोकळा झाला. पंधरा दिवस तिघं एका घरात राहिली. मग त्यांनी कचेरीच्या जवळ नामपल्लीला खोली बघितली. जाताना भामाबाईंना म्हणाले, ‘दोन घरं ओढायची माझी ताकद नाही. तू गावी जाऊन राहा.’

गावी कुणाकडे जायचं? भांडी मोजणाऱ्या सासूकडे? त्या गेल्या नाहीत. त्याच आठवड्यात गावाकडचा उमाजी नावाचा मुलगा दारात आला. कॉलेज पुन्हा सुरू झालं होतं आणि वसतिगृहातलं त्याच्या पोटाला मानवत नव्हतं. ‘मामी, दोन वेळची भाकरी घालाल का? बापू ज्वारी पाठवतील.’ भामाबाईंनी घातली. उमाजीनं चार मित्र आणले, चाराचे आठ झाले, दोन वर्षांत अठरा पोरांची पंगत बसू लागली. नांदेड, परभणी, बीड, जिकडून तिकडून आलेली पोरं, आणि सगळ्यांना घरच्यासारखं वरण पाहिजे. भामाबाईंनी परात घेतली, मग मोठं पातेलं, हंडा, ताटं, वाट्या, आणखी एक पातेलं. असं करत नवाची त्रेचाळीस झाली. उमाजीनं जेवणाच्या बदल्यात त्यांना अक्षरओळख करून दिली.

आणि प्रत्येक वेळी अंबाजीपुढे तो तांब्या. का, असं विचाराल तर विचारणारा पुरुष असणार. एकट्या बाईकडे अठरा तरणी पोरं जेवायला येतात म्हटल्यावर गल्लीला दुसरं काम काय? कुणा पोराचा बाप परभणीहून चौकशीला आला की तो आधी पाण्याचा तांब्या हातात घेऊन फिरवून बघायचा. ‘लहानकरांचं घर का? बरं, बरं.’ मग पाणी प्यायचा. त्या नावाच्या आडोशाला भामाबाई आठ वर्षं राहिल्या. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात. इथं वाळाही नव्हता, पण अब्रूनं जगायला नाव पुरत होतं.

हिम्मतराव वर्षातून एकदा पाडव्याला ओवाळून घ्यायला येत. पोरं उठून उभी राहत. स्वतःचं नाव कोरलेल्या ताटात जेवताना त्यांची छाती दोन बोटं पुढे येई. भिंतीला लावलेल्या भांड्यांवर ते नजर फिरवत आणि प्रत्येकावर आपलंच नाव वाचत. माणसानं स्वतःचं नाव इतक्या ठिकाणी वाचलं की त्याला ते खरं वाटायला लागतं. वाईट माणूस नव्हता तो. फुकटचं पचवायची सवय लागलेला माणूस होता, आणि असल्या माणसाशी भांडणं वाईट माणसाशी भांडण्यापेक्षा अवघड.

छपन्नच्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्याची तीन शकलं झाली. कानडी मुलूख तिकडे, तेलंगण इकडे, मराठवाडा मुंबईकडे. कचेऱ्यांतले कागद वाटले, कपाटं वाटली, अहलकारही वाटले. हिम्मतरावांचं नाव औरंगाबादच्या यादीत लागलं. जायच्या आधी एका दुपारी ते दोन हमाल आणि हातगाडी घेऊन विद्यानगरात आले. पंगत बसली होती.

‘माझी भांडी न्यायला आलोय,’ ते म्हणाले.

भामाबाईंच्या हातात वरणाचा डाव होता. ‘कुठली?’

‘कुठली म्हणजे? माझ्या नावाची. सगळं राज्य आपापलं घेऊन चाललंय. मी माझं नेतो.’

‘आणि मी पोरांना जेवू कशात घालू?’

‘आता कशाला पाहिजे तुला ही उठाठेव? तिकडे ये म्हटलं तर येत नाहीस.’

त्यांनी ‘तिकडे ये’ असं कधीच म्हटलं नव्हतं. भामाबाई एवढंच म्हणाल्या, ‘पोरं जेवतायत. जेवत्या माणसापुढचं ताट ओढून घेणार का?’

एवढी लाज हिम्मतरावांना होती. ते ओट्यावर बसून राहिले. पोरांनीही काय केलं, एरवी दहा मिनिटांत उठणारी पोरं, त्या दिवशी भाताचं एकेक शीत मोजून खात बसली. शेवटी हमाल कुरकुरायला लागले तेव्हा ‘रविवारी येतो’ म्हणून हिम्मतराव उठले.

भामाबाईंच्या हाती चार दिवस होते. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे त्यांनाही ठाऊक होतं. पण भांडी गेली तर खानावळ गेली, आणि खानावळ गेली तर उरलं काय? त्या सुलतान बाजारात केशवराव वकिलांकडे गेल्या. केशवरावांच्या घरात तीन पिढ्यांची वकिली होती. ते मराठी बोलू लागले तरी अर्धी अदालत तोंडातून बाहेर पडायची.

‘पावत्या आहेत?’

‘पावत्या कशाच्या? रोख टाकून आणलंय सगळं.’

‘गवाह?’

‘अंबाजी आहे, नाव घालणारा.’

‘तो हलफ घेऊन काय सांगणार? हिम्मतरावांचं नाव घातलं, एवढंच ना? म्हणजे गवाह तुमचा आणि मुकदमा त्यांचा.’ केशवरावांनी पानाची पेटी मिटली. ‘हात दाखवून अवलक्षण केलंत, बाई. स्वतःच्या कमाईवर दुसऱ्याचं नाव! कायकू असं करावं माणसानं?’

‘दुसऱ्याचं कसं? नवऱ्याचं,’ भामाबाई म्हणाल्या.

केशवरावांनी पानाची पेटी पुन्हा उघडली. मग त्यांनी समजावून सांगितलं. गेल्या साली नवा कायदा आला होता. ज्यानं त्याआधी दुसरी बायको केली त्याच्या पहिलीला आता तलाक मागता येत होता. तो मागितला की लग्नात दोघांना मिळालेल्या वस्तूंची अदालत वाटणी करून देई, आणि बाकीचं ज्याचं असेल ते त्याला. नुसता भांड्यांचा दावा लावला तर नवराबायकोचं घर एकच, असं म्हणून हाकिम हात झटकील, असं त्यांचं मत पडलं.

‘मला काडीमोड नको. मला भांडी पाहिजेत.’

‘हौ, पण भांडी पाहिजेत तर नवरा सोडावा लागेल. दोन्ही हातांत दोन्ही राहणार नाही.’

भामाबाई घरी येऊन कणीक मळत बसल्या. सोडायचं म्हणजे काय सोडायचं, हे त्यांना समजेना. माणूस तर आठ वर्षांपूर्वीच गेला होता. राहिलं होतं ते कपाळावर आणि तांब्यावर. कणीक सैल झाली, पीठ घातलं, घट्ट झाली, पाणी घातलं. शनिवारी सकाळी त्यांनी अर्जावर सही केली. पहिल्यांदाच केली. उमाजीनं शिकवलेली अक्षरं आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडली ती अशी.

रविवारी हिम्मतराव यायच्या आधी, केशवरावांनी काढलेल्या हुकमावरून, अदालतीचा अमीन येऊन भांड्यांची यादी करून गेला. म्हातारा, दमेकरी, भला माणूस होता. पंगतीतल्या एका पोरानं एकेक भांडं वाचून दाखवलं तसा तो हसायला लागला. ‘अम्मा, सब पे एकीच नाम है. इस में आपका कौनसा है?’ त्यानं भांडी त्यांच्याच ताब्यात ठेवली आणि निकालापर्यंत वापरा पण विकू नका, असं लिहून घेतलं.

पहिली तारीख फाल्गुनात पडली. भांडी हातगाडीवर घालून अदालतीच्या व्हरांड्यात आणली तेव्हा एका पक्षकारानं कुणाचं लग्न आहे म्हणून विचारलं. हाकिम तेलुगू होते, शिकले उर्दूत, निकाल लिहायचे इंग्रजीत. मराठी अक्षर त्यांना येत नव्हतं, त्यांच्या कारकुनाला, पेशकारालाही येत नव्हतं. हिम्मतरावांच्या वकिलानं वाचावं तर केशवराव हरकत घेणार, केशवरावांनी वाचावं तर तो घेणार. शेवटी हाकिम कंटाळून म्हणाले, ‘फर्यादी खुद पढ़े. हर चीज पर क्या नाम है, कौनसा सन है, बताए.’

पेशकारानं पहिला हंडा उचलून भामाबाईंपुढे धरला. समोरच्या बाकावर हिम्मतराव बसले होते. अक्षरं वाचता येत होती, डोळ्यांपुढे होती. पण ते नाव भामाबाईंनी जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर एकोणीस वर्षं ते तोंडात जपून ठेवलं होतं. ‘हे’, ‘घरातले’, ‘आमच्याकडचे’, असंच म्हणत आल्या होत्या. आणि आता ते पुन्हा उच्चारायचं ते कुणापुढे, तर पान खाणाऱ्या पेशकारापुढे.

‘बोलिए,’ पेशकार म्हणाला.

भामाबाईंचे ओठ हलले. आवाज आला नाही.

‘पढ़ना आताइच नहीं इनकू,’ समोरचा वकील म्हणाला आणि कोर्टात हशा झाला. पेशकारानं ‘फर्यादी खामोश’ असं लिहिलं. दोन महिन्यांनंतरची तारीख पडली.

बाहेर येऊन केशवराव तडकले. ‘बाई, नाव घेता येत नाही म्हणून मुकदमा घालवणार? पुढच्या खेपेला अशाच उभ्या राहिलात तर हंड्यापासून चमच्यापर्यंत सगळं औरंगाबादला जाईल. घरी पाठ करा!’

पाठ करा! शाळेतल्या पोराला पाढे म्हणायला सांगावेत तसं. पण भामाबाईंनी केलं. दुपारी पोरं कॉलेजात गेली की त्या स्वयंपाकघराचं दार लावून घेत, एक ताट समोर ठेवत आणि बघत बसत. घरात कुणी ऐकणारं नव्हतं. ऐकणारं कुणी नाही, हेच मेलं अवघड होतं. नवऱ्याचं नाव का घेत नाहीत, तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणून, असं आई सांगायची. ज्यानं आपलं आयुष्य असं करून ठेवलं त्याच्या आयुष्याची काळजी आपण का करतो आहोत, असा त्यांना स्वतःचाच राग येई. तरी ओठ उघडत नसत. एकदा ‘हि’ एवढं अक्षर बाहेर पडलं आणि तेवढ्यात शेजारच्या वासंतीनं खिडकीतून विचारलं, ‘काय म्हणालात, मावशी?’

‘काही नाही गं. हिंग शोधतेय,’ भामाबाई म्हणाल्या आणि नंतर बराच वेळ रडल्या.

वैशाखात दुसरी तारीख आली. तोच व्हरांडा, तीच हातगाडी. पेशकारानं तोच हंडा उचलला. भामाबाईंनी पदर खांद्यावरून घट्ट घेतला, हाकिमांकडे नाही, हिम्मतरावांकडे नाही, हंड्याकडे बघितलं.

‘हिम्मतराव लहानकर,’ त्या म्हणाल्या.

बाकावर हिम्मतराव दचकून सरळ बसले. आपल्याला कुणी हाक मारली असं त्यांना वाटलं असावं.

‘सन?’

‘तेराशे शेहेचाळीस. लग्नातलं.’

‘आगे.’

‘हिम्मतराव लहानकर. तेराशे शेहेचाळीस. लग्नातलं.’

लग्नातली नऊ झाली. मग परात आली. ‘हिम्मतराव लहानकर. तेराशे अठ्ठावन्न. मी घेतली, उमाजीच्या वेळी.’ पातेलं. ‘हिम्मतराव लहानकर. तेराशे एकोणसाठ. मी घेतलं, आठ माणसांच्या भाताचं.’ दहाव्या भांड्यापर्यंत आवाज कापत होता. विसाव्याला कापायचा थांबला. तिसाव्याला भामाबाईंच्या लक्षात आलं की आपण नाव घेताना दुसराच विचार करतो आहोत, संध्याकाळी भाजी कुठली करायची त्याचा. त्या जरा घाबरल्या. जे नाव घ्यायला एकोणीस वर्षं धजावलं नाही, ते आता नळाच्या पाण्यासारखं येत होतं, आणि त्यात काही नव्हतं. पाढा म्हणावा तसं त्यांनी उरलेलं म्हणून टाकलं. हिम्मतरावांची मान केव्हाच खाली गेली होती.

बाकीचं काम केशवरावांनी केलं. सन तेराशे अठ्ठावन्नात, म्हणजे वेगळं घर केलं त्याच साली, हिम्मतरावांनी नामपल्लीची जागा मिळावी म्हणून कचेरीत अर्ज केला होता. त्यात त्यांच्याच हातचं वाक्य होतं की, पहिली बायको वेगळी राहते, स्वतः कमावून खाते, तिचा माझ्यावर काही बोजा नाही. केशवरावांनी त्याची नक्कल काढून आणली होती.

हाकिमांनी विचारलं, ‘ये आपकी तहरीर है?’

‘जी,’ हिम्मतराव म्हणाले. मग चाचरत म्हणाले, ‘मगर हुजूर, नाम तो मेराच है.’

निकाल लागायला आणखी नऊ महिने गेले. तलाक मंजूर झाला. तेराशे अठ्ठावन्नापासूनची चौतीस भांडी भामाबाईंची ठरली, लग्नातली नऊ दोघांना निम्मी. निकालाची नक्कल हातात आली तेव्हा केशवरावांनी वाचून दाखवली. भामाबाई, हिम्मतराव लहानकरांपासून तलाक मिळालेली बायको, असं वर लिहिलं होतं. भामाबाई म्हणाल्या, ‘इथंही आहेच का ते!’ केशवराव हसले. त्या हसल्या नाहीत.

वाटणीच्या दिवशी हिम्मतराव औरंगाबादहून आले. केस पिकले होते. अमिनानं चार भांडी इकडे, चार तिकडे ठेवली. मधे घंगाळ राहिलं. त्याचं काय करायचं, मोडीत घालून निम्मे पैसे घ्यायचे का, असं तो विचारायला लागला.

‘तिला राहू दे,’ हिम्मतराव म्हणाले.

‘नको. यांना द्या,’ भामाबाई म्हणाल्या.

दोघांचं कधी नव्हे ते एकमेकांसाठी भांडण लागलं. अमिनानं कपाळाला हात लावला आणि घंगाळ हिम्मतरावांच्या टांग्यात चढवलं. तो यादीवर सह्या घ्यायला ओट्यावर बसला तेव्हा हिम्मतराव खालच्या आवाजात म्हणाले, ‘एवढ्यांदा नाव घेतलंस कोर्टात. दमली नाहीस?’

‘दमले की.’

‘मी मोजत होतो. एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस.’ त्यांनी टांग्याच्या दांडीला हात टेकला. ‘आता एकदा घे ना. कोर्टाकरता नको. अशीच.’

भामाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. घ्यायला हरकत नव्हती. लाज नव्हती, भीती नव्हती, रागसुद्धा फारसा नव्हता. आणि नेमकं म्हणूनच त्यांना घेववेना. ‘आता ते भांड्यांवरचं नाव झालं,’ त्या म्हणाल्या. ‘माणसाला कसं लावू?’ टांगा गेला तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, पण वळून बघणारं त्यात कुणी आहे की नाही हे त्यांनी पाहिलं नाही.

झगडा भांड्यांचा होता आणि भांडी भामाबाईंनी जिंकली. पण मुकदमा चालला सव्वा वर्ष, आणि तेवढ्यात पंगत ओसरत गेली होती. मराठवाडा मुंबईकडे गेल्यावर तिकडच्या बापांनी पोरांना हैदराबादेला कशाला पाठवावं? औरंगाबादेत आपलंच विद्यापीठ निघणार, अशी बोलवा होती. अठराची बारा झाली, बाराची पाच. जी होती ती शेवटच्या वर्षाला होती. एकोणीसशे अठ्ठावन्नच्या एप्रिलात परीक्षा संपली आणि श्रीनिवास आणि रामचंद्र ही शेवटची दोन पोरं ट्रंका घेऊन पाया पडून गेली. ‘पत्र टाकतो, मावशी,’ म्हणाली. जूनमध्ये कॉलेज उघडलं. भामाबाई आठवडाभर संध्याकाळी ओट्यावर बसल्या. नवं कुणी दार विचारत आलं नाही.

पोट भरायची तशी चिंता नव्हती. वासंतीच्या ओळखीनं गल्लीतल्या दोन घरी पोळ्या लाटायचं काम मिळालं, आणि एका बाईला किती लागतं? अडचण वेगळीच झाली. पहिल्या रात्री एकटीपुरता भात लावायला त्या फळीपुढे उभ्या राहिल्या तेव्हा लक्षात आलं की, लग्नातलं दोघांपुरतं पातेलं हिम्मतरावांच्या वाट्याला गेलं आणि घरातलं सगळ्यात लहान पातेलं आठ माणसांचं आहे. मूठभर तांदूळ त्यात टाकले. तळ झाकला नाही. पाणी आटलं, तांदूळ करपले, आणि पातेलं घासायला अर्धा तास गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आठांचा भात लावला. एक ताट वाढून घेतलं, उरलेला सकाळी वासंतीच्या गाईला घातला. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर गाय भात खात होती तेव्हा वासंतीला राहवेना.

‘मावशी, बेगम बाजारात एवढंसं पातेलं मिळतं की. एका माणसाचं. मी आणून देऊ का?’

‘बघू,’ भामाबाई म्हणाल्या.

‘बघू काय? तांदूळ किती वाया जातायत!’

‘आणीन गं मी. माझं मी आणीन.’

एकदा त्या खरंच गेल्या बेगम बाजारात. दुकानदारानं तसलं पातेलं काढून पुढे ठेवलं, वाटीहून जरा मोठं. भामाबाईंनी ते हातात घेतलं, फिरवून बघितलं. चांगलं जाड होतं, किंमतही वावगी नव्हती. हे घरी नेलं की रोज सकाळ-संध्याकाळ हेच चुलीवर ठेवायचं. त्यात दुसऱ्या कुणाला जागा नाही. उद्या चुकून कुणी दारात आलं, मावशी भूक लागली म्हणालं, तर त्याला वाढायला त्यात काही नसणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भर बाजारात, दुकानदारादेखत.

पातेलं त्यांनी खाली ठेवलं आणि घरी आल्या. नवरा गेल्याचं त्यांनी कबूल केलं होतं, भर कोर्टात त्याचं नाव घेऊन कबूल केलं होतं. एकट्या झाल्याचं मात्र कबूल करवेना. त्यांनी चूल पेटवली, आठ माणसांचे तांदूळ मोजून घेतले आणि धुवायला बसल्या.